स्टॉपरची कारकीर्द उशिरा पिकते : कराडच्या एका आईच्या प्रश्नाला उत्तर

कराडहून एका ताईंनी विचारले आहे की, त्यांचा पंधरा वर्षांचा मुलगा शाळेच्या फुटबॉल संघात स्टॉपर, म्हणजे मागच्या फळीत मधोमध उभा राहणारा बचावपटू म्हणून खेळतो, सुब्रतो चषकात त्याचा संघ यंदा विभागीय फेरीपर्यंत गेला होता, उंची पाच फूट सात इंच आहे, आणि घरातल्या जाणत्या माणसांचे म्हणणे असे की, मागे खेळणाऱ्याला कोण विचारतो, खेळायचेच असेल तर पुढे खेळ, नाहीतर फुटबॉल सोड आणि अकरावी सायन्सला लाग. बचावपटू म्हणून व्यावसायिक कारकीर्द होऊ शकते का, ती किती वर्षे चालते, तिच्यात पैशाची शाश्वती किती आणि दुखापतींचा धोका किती, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे. मुरमाच्या मैदानासाठी बूट कोणते घ्यावेत, असेही त्यांनी शेवटी विचारले आहे.

मी स्वतः अकरा हंगाम करारावर खेळलो, त्यांपैकी नऊ स्टॉपर म्हणून, आणि आता साताऱ्यात मुलांना शिकवतो. त्या अनुभवावरून उत्तर देतो. बचावपटूची कारकीर्द निश्चित होते. मात्र ती आघाडीपटूच्या मानाने चार-पाच वर्षे उशिरा आकाराला येते, आणि आपल्याकडची बहुतेक मुले गुण कमी पडल्यामुळे नव्हे, तर तोवर मैदानात टिकू न शकल्यामुळे गळतात. म्हणून ताई, आपला मुलगा आज किती चांगला खेळतो याची चिंता थोडी बाजूला ठेवा, आणि बाविसाव्या वर्षी तो धड गुडघ्यांनिशी, पदवी घेऊन आणि चांगल्या सवयींसह मैदानात उभा असेल का, याची व्यवस्था आतापासून पाहा.

उशीर का लागतो, तेही सांगितले पाहिजे. आघाडीपटू नव्वद मिनिटांत आठ वेळा चुकला आणि नवव्यांदा त्याने गोल केला, तर दुसऱ्या दिवशी पेपरात त्याचेच नाव येते. स्टॉपरने आठ वेळा अचूक काम केले आणि नवव्यांदा त्याचा पाय चुकला, तर पराभवाचे खापर त्याच्या एकट्याच्या डोक्यावर फुटते. त्यामुळे एकोणीस वर्षांच्या मुलाला शेवटची वीस मिनिटे पुढे उतरवायला प्रशिक्षक कचरत नाही, पण त्याच मुलाला मागे मधोमध उभे करताना तो दहादा विचार करतो. शिवाय हे काम पायांपेक्षा अंदाजाचे अधिक आहे, आणि अंदाज सामने खेळूनच येतो. केरळातल्या मलप्पुरमचा स्टॉपर अनस एडाथोडिका मुंबई एफसी आणि पुणे एफसी या संघांकडून वर्षानुवर्षे निमूटपणे खेळत होता. भारताकडून पहिला सामना त्याला 2017 च्या मार्चमध्ये कंबोडियाविरुद्ध मिळाला, तेव्हा त्याने तिशी पूर्ण केली होती. इटलीचा स्टॉपर फाबियो कानावारो याला जगातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून बॅलन डी'ऑर मिळाला तो 2006 मध्ये, तेहतिसाव्या वर्षी. पाओलो माल्दिनी एसी मिलानकडून 1985 पासून 2009 पर्यंत खेळला. त्याने डावा फुल बॅक, म्हणजे डाव्या कडेचा बचावपटू म्हणून सुरुवात केली, आणि वेग उतरू लागल्यावर तो मधे सरकला. हे शेवटचे उदाहरण मुद्दाम दिले, कारण स्टॉपरच्या जागेला हा एक मोठा फायदा आहे: तिशीनंतर पाय मंदावले तरी डोके त्यांची भरपाई करू शकते. कडेने चढाई करणाऱ्या विंगरला ती सोय नाही.

उंचीबद्दल मी आपल्याला खोटा दिलासा देणार नाही. कानावारो 1.76 मीटरचा, म्हणजे जेमतेम पाच फूट नऊ इंच, आणि 2014 च्या विश्वविजेत्या जर्मनीचा कर्णधार फिलिप लाम तर 1.70 मीटरचा होता. पण लाम मुख्यतः फुल बॅक, आणि कानावारोसारखी उडी लाखात एकाला असते. आपल्याकडच्या निवड चाचणीत स्टॉपर म्हणून नाव नोंदवणाऱ्या मुलाला नोंदणीच्या टेबलावरची माणसे खेळ पाहण्याआधी खालून वर पाहतात, हे वास्तव आहे. मुलगा पंधराचा आहे, अजून वाढेल. वाढ पाच फूट नऊच्या आत थांबली, तर फुल बॅकची तयारी आजपासून असलेली बरी, आणि त्यासाठी डावा पाय घडवावा. डाव्या पायाने सफाईने पास देणारा बचावपटू प्रत्येक संघ शोधत असतो. उजव्या पायाचे वाटेल तितके मिळतात. रोज भिंतीवर डाव्या पायाने दोनशे पास, एवढे केले तरी दोन वर्षांत फरक दिसतो.

भारतीय स्टॉपरला आता पूर्वीपेक्षा जागा अधिक आहे, हीदेखील नोंद घेण्याजोगी गोष्ट आहे. इंडियन सुपर लीग (आयएसएल) 2014 मध्ये सुरू झाली, तेव्हा एका वेळी सहा परदेशी खेळाडू मैदानात असू शकत. 2017-18 च्या हंगामापासून पाच आणि 2021-22 पासून चार, अशी ही मर्यादा खाली आली. संघ आपल्या परदेशी जागा सहसा गोल करणाऱ्यावर आणि मधल्या स्टॉपरवर खर्च करतात, त्यामुळे यातली प्रत्येक कपात कुणा ना कुणा भारतीय बचावपटूच्या पथ्यावर पडली आहे.

आता घरातल्या मंडळींच्या 'पुढे खेळ' या सल्ल्याविषयी. जकार्ताच्या 1962 च्या आशियाई स्पर्धेत जर्नेलसिंग या भारताच्या स्टॉपरचे डोके फुटले, टाके पडले, आणि प्रशिक्षक रहीम यांनी त्यांना उपांत्य व अंतिम सामन्यात चक्क आघाडीला खेळवले. दक्षिण कोरियाविरुद्धच्या अंतिम सामन्यात भारताने 2-1 असा विजय मिळवला, त्यातला एक गोल जर्नेलसिंग यांचा होता. मागचा शहाणा खेळाडू गरजेला पुढे जाऊन निभावून नेतो. पुढच्याला ऐन वेळी मागे आणले की संघाची धांदल उडते. ज्या मुलाला मागे उभे राहून सगळे मैदान डोळ्यांसमोर ठेवायला आवडते, त्याला टाळ्यांसाठी पुढे ढकलू नये.

मात्र तो खरोखर मैदान पाहतो की नुसता चेंडू पाहतो, हे तपासले पाहिजे, कारण स्टॉपरचे निम्मे शिक्षण याच एका गोष्टीत आहे. साताऱ्याच्या शाहू क्रीडा संकुलात सकाळच्या सरावात मी एक साधा प्रयोग करतो. दोन मुले समोर एकमेकांना पास देत असतात, स्टॉपर त्यांच्याकडे तोंड करून उभा असतो, आणि त्याच्या पाठीमागे दहा पावलांवर तिसरा मुलगा हाताची बोटे वर करतो, ती मधूनमधून बदलतो. चेंडू समोरच्या दोघांच्या मध्ये घरंगळत असताना, म्हणजे त्यावर कुणाचाच पाय नसताना, स्टॉपरने खांद्यावरून मागे पाहून बोटांचा आकडा ओरडायचा. चेंडू कुणाच्या पायात गेल्यावर मागे पाहिले तर ते मोजत नाही, कारण तोवर उशीर झालेला असतो. नव्या मुलाचे पहिल्या दिवशी दहापैकी दोन आकडे बरोबर येतात, आणि तो मनातून रुसतो; त्याला वाटते, चेंडू तर समोर आहे, हे मागचे कशाला. मग शनिवारच्या सामन्यात उलट्या बाजूच्या विंगरकडे चेंडू असतो, हा डोळे विस्फारून तिकडेच पाहत राहतो, त्याच्या पाठीमागून प्रतिस्पर्धी आघाडीपटू दोन पावले सरकतो, कडेने गोलसमोर चेंडू, म्हणजे क्रॉस, येतो आणि गोल होतो. सगळे गोलरक्षकावर ओरडतात. चूक कुणाची आणि कोणत्या सेकंदाला झाली, हे त्या क्षणी मैदानात फक्त स्टॉपरला कळलेले असते, आणि सोमवारी तो आकडे नीट ओरडू लागतो.

दुसरी गोष्ट उभे राहण्याची. खाशाबा जाधवांच्या गोळेश्वरशेजारच्या माणसांना पवित्रा म्हणजे काय हे मी सांगायला नको. समोरून चेंडू घेऊन येणाऱ्यापुढे छाती रोखून दोन्ही पाय एका रेषेत ठेवणारा स्टॉपर कोणत्याही बाजूने कापला जातो. एक पाय पुढे, गुडघे सैल, अंग तिरके, आणि प्रतिस्पर्ध्याला आपल्याला हवी तीच बाजू मोकळी दिसेल असा पवित्रा घेतला, की अर्धे काम पाय न लावताच होते. आपल्याकडची कबड्डी खेळलेली मुले हे लवकर शिकतात. कोपऱ्यातला चांगला खेळाडू चढाईवाल्याच्या हातवाऱ्यांना भुलत नाही, त्याचे वजन कोणत्या पायावर आहे ते पाहतो आणि तो फसला की मगच पकड करतो. टॅकलचे, म्हणजे पायाने चेंडू हिसकावण्याचे गणित हेच आहे. पोलीस भरतीसाठी पहाटे सोळाशे मीटर धावणारी मुले दम असूनही इथे मागे पडतात, कारण त्यांचा सराव सरळ रेषेतला असतो, तर स्टॉपरला उलट पावलांनी मागे सरकत असताना एकाएकी वळून दहा-पंधरा मीटरचा झपाटा मारायचा असतो.

मुरमाबद्दल सगळे कुरकुर करतात, मीही खेळत असताना करत असे. पण त्या मैदानाने मला एक गोष्ट फुकट शिकवली. घसरून टॅकल केला की मांडीची साल निघते, ती आठवडाभर पँटला चिकटते आणि आंघोळीच्या वेळी जीव जातो. म्हणून आमच्यातला कुणी सहसा खाली पडत नसे, आणि जो खाली पडत नाही त्याला आधीच योग्य जागी पोहोचावे लागते. गवतावर वाढलेल्या मुलांबरोबर मी जेव्हा पहिल्यांदा सराव केला, तेव्हा त्यांच्या शॉर्ट हिरव्या झालेल्या असत आणि माझी कोरी असे. तिथल्या प्रशिक्षकांना सुरुवातीला मी अंग चोरतो आहे असे वाटले.

खेळाच्या नियमांनीही हे काम आतून बदलून टाकले आहे. सहकाऱ्याने पायाने मुद्दाम दिलेला चेंडू गोलरक्षकाने हातात घेऊ नये, हा नियम 1992 मध्ये आला, आणि 2019 पासून गोल किकचा चेंडू पेनल्टी क्षेत्राच्या आतच स्टॉपरला घेता येऊ लागला. यामुळे जो पूर्वी 'काढ बाहेर' एवढेच ऐकत मोठा होत असे, त्याला आता स्वतःच्या गोलपासून दहा मीटरवर, अंगावर धावून येणाऱ्या दोघांच्या मधून पास द्यावा लागतो. शाळेच्या संघात मुलगा दर वेळी लांब लाथ मारत असेल, तर ती सवय आताच मोडा. आणखी एक बदल 2016 चा: पेनल्टी क्षेत्रात हक्काचा गोल अडवताना फाऊल झाला, पण प्रयत्न खरोखर चेंडूसाठी होता, तर पेनल्टी मिळते आणि लाल कार्डाऐवजी पिवळे दाखवले जाते; शर्ट ओढला किंवा ढकलले, तर मात्र लालच. नियम वाचलेला स्टॉपर त्या अर्ध्या सेकंदात हात आवरतो.

मार्गाविषयी थोडक्यात सांगतो. नामांकित निवासी अकादम्या बहुतांशी बारा-तेरा वर्षांपर्यंतच मुले घेतात, त्यामुळे तो दरवाजा आपल्यासाठी जवळजवळ बंद झाला आहे, आणि त्याचे दुःख करू नये. पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीची चौकशी जरूर करावी. 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला कोल्हापूरचा अनिकेत जाधव तिथूनच पुढे आला. कराडकरांना आणखी एक सोय आहे, ती म्हणजे कोल्हापूर. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल अशा तालमींच्या नावाने तिथे संघ आहेत, आणि शाहू स्टेडियमवर हजारोंच्या समोर, शिव्या खात, सतराव्या वर्षी स्टॉपरला उभे राहिलेल्या मुलाला पुढे कोणत्याच मैदानाची भीती वाटत नाही. फक्त तिथल्या ईर्ष्येत पाय मोडून घेऊ नये. त्यानंतर एखाद्या संघाच्या युवा गटात शिरकाव झाला, तर 2022 पासून चालणारी रिलायन्स फाउंडेशन डेव्हलपमेंट लीग हे विसाव्या-एकविसाव्या वर्षापर्यंत सामने मिळवण्याचे चांगले ठिकाण आहे, आणि आधी म्हटल्याप्रमाणे स्टॉपरला सामन्यांचीच भूक असते.

निवड चाचणीत बचावपटूवर अन्याय होतो, तो असा: अनोळखी मुलांचे वीस-वीस मिनिटांचे सामने लावतात, जो तो एकटा गोल करायला धावतो, आणि मागे शिस्तीत उभा राहिलेला मुलगा कुणाच्याच वहीत चढत नाही. मुंबईतल्या माझ्या पहिल्या चाचणीत मी एकही चूक केली नाही आणि तोंडातून एक शब्दही काढला नाही. यादीत माझे नाव नव्हते. पुढच्या वर्षी चाचणीपूर्वी मी गोलरक्षकाचे, शेजारच्या स्टॉपरचे आणि समोरच्या मध्यरक्षकाचे नाव विचारून घेतले आणि वीस मिनिटे त्या तिघांना नावाने हाका मारत राहिलो: वर चल, डावीकडे बघ, मागे माणूस आहे. खेळ आदल्या वर्षीपेक्षा उजवा नव्हता. पण आवाज कुणाचा येतो आहे म्हणून निवडणाऱ्यांनी मान वर केली, आणि पुढचे त्यांना दिसले.

पैशाचा विषय निघाला म्हणजे आकड्यापेक्षा करार आधी पाहावा. वरच्या आणि खालच्या लीगच्या मानधनात मोठी दरी आहे, आणि वरच्या लीगमध्येही शाश्वती नाही: महिंद्रा युनायटेडसारखा विजेता संघ 2010 मध्ये बंद झाला, आणि 2025 च्या जुलैत आयएसएलचा पुढचा हंगामच आयोजकांनी स्थगित ठेवला, तेव्हा भारतीय संघातल्या खेळाडूंनाही घरी बसावे लागले. माझ्या तिसऱ्या हंगामात एका संघाने तीन महिने पगार दिला नाही. मी रोज व्यवस्थापकांना फोन करत राहिलो, लेखी काहीच दिले नाही, आणि शेवटी दोन महिन्यांचे पैसे बुडाले ते बुडालेच. आता फिफाच्या नियमांत 2018 पासून स्पष्ट तरतूद आहे की, दोन महिन्यांचे पगार थकले तर खेळाडूने संघाला लेखी नोटीस देऊन पंधरा दिवसांची मुदत द्यावी, आणि तरीही पैसे आले नाहीत तर त्याला करार मोडता येतो. अठरा वर्षांखालील मुलाचा करार तीन वर्षांहून अधिक मुदतीचा नसावा, असाही नियम आहे. एखादा एजंट सोळा वर्षांच्या पोराला पाच वर्षांसाठी बांधू पाहत असेल, तर त्याला चहा पाजून परत पाठवावे. करारात शस्त्रक्रियेचा आणि त्यानंतरच्या फिजिओथेरपीचा खर्च कोण करणार, हे वाक्य शोधावे. ते नसेल तर सही करू नये. जन्मतारखेत कुणी 'एक वर्ष कमी करू' असे सुचवले, तर तेही ऐकू नये, कारण मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांचे वय काढतात.

दुखापतींपैकी स्टॉपरला सर्वाधिक भीती गुडघ्यातल्या एसीएल या बंधाची असते. तो तुटला की शस्त्रक्रिया आणि साधारण नऊ महिने. भारताचा स्टॉपर संदेश झिंगन याला 2019 च्या ऑक्टोबरमध्ये गुडघ्याची दुखापत झाली, अख्खा हंगाम गेला, आणि परतल्यावर 2020-21 चा भारताचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. पण त्याच्यामागे मोठ्या संघाचे डॉक्टर होते, जिल्ह्यातल्या मुलामागे आई-वडीलच असतात. फिफाचा 'इलेव्हन प्लस' नावाचा वीस मिनिटांचा वॉर्म-अप आहे. तो नियमित केल्यास दुखापती लक्षणीय घटतात, आणि त्याला चेंडू, एखादा जोडीदार व मोकळी जागा याखेरीज फारसे काही लागत नाही. शाळेत तो घेत नसतील तर मुलाने एखाद्या मित्राबरोबर करावा.

हेडरविषयी, म्हणजे चेंडू डोक्याने मारण्याविषयी, मात्र मी अलीकडे अधिक कडक झालो आहे. ग्लासगो विद्यापीठाच्या संशोधकांनी 2019 मध्ये स्कॉटलंडच्या माजी व्यावसायिक खेळाडूंचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात मेंदूच्या ऱ्हासाच्या आजारांनी होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण सामान्य लोकांच्या साडेतीन पट आढळले. त्याच गटाच्या 2021 च्या अभ्यासात या आजारांचा धोका बचावपटूंना सर्वाधिक, सुमारे पाचपट, आणि गोलरक्षकांना मात्र सामान्य माणसांइतकाच दिसला. ती पिढी जड, भिजणाऱ्या चेंडूंनी खेळली, हे खरे. तरीही आम्ही लहानपणी एका दिवसात पन्नास-पन्नास हेडर मारत असू, तसे मी आता कुणाकडूनही करवून घेत नाही. आठवड्यातून एक दिवस, हाताने फेकलेल्या चेंडूवर, दहा हेडर, आणि तेही कपाळाने व मान ताठ ठेवून. सामन्यात डोक्याला मार बसून मुलगा क्षणभरही गोंधळला, तर त्या दिवशी तो पुन्हा मैदानात उतरणार नाही, हे आपण आताच शिक्षकांना सांगून ठेवावे.

शिक्षण सोडण्याचा प्रश्न येऊ देऊ नका. सायन्सच हवे असा हट्ट नसावा, पण बारावी आणि पदवी हवीच, कारण राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण असले, तरी त्या पदाची शैक्षणिक अट खेळाडूलाही पूर्ण करावी लागते; रेल्वे आणि पोलीस दलातही हेच. माझ्याबरोबर खेळलेल्यांपैकी जे आज सुस्थितीत आहेत, त्यांतले बहुतेक जण बाहेरून का होईना, पदवीधर झालेले आहेत. प्रत्येक स्पर्धेचे प्रमाणपत्र, अगदी विभागीय सुब्रतोचेसुद्धा, एका फाइलमध्ये लावून ठेवा. नोकरीच्या वेळी पडताळणी होते, तेव्हा ती फाइल फार कामी येते.

बुटांचे आता सांगतो. मुरमावर लांब, टोकदार स्टडचे (तळाच्या खुंटांचे) बूट घेऊ नयेत. ते स्टड जमिनीत रुतत नाहीत, पाय दगडावर ठेवल्यासारखा डगमगतो आणि घोटा मुरगळतो. बारीक, बुटक्या रबरी स्टडचे टर्फ बूट सरावासाठी घ्यावेत, आणि कोल्हापूरच्या गवतावर किंवा पावसात खेळण्यासाठी मोल्डेड स्टडची एक वेगळी जोडी ठेवावी, ती महाग असण्याची गरज नाही. माप संध्याकाळी, पाय दिवसभर वापरून किंचित सुजलेले असताना, खेळाचे मोजे घालूनच घ्यावे. आणि चाचणीच्या दिवशी नवे कोरे बूट पहिल्यांदा घालू नयेत. किमान चार-पाच सराव तरी आधी त्यांत झालेले असावेत.